पोरीला सांगितलेलं हवामान

दिल्लीत, आमच्या द्वारकेच्या सोसायटीत विनायकराव मायदेवांना सगळे 'मौसमवाले अंकल' म्हणतात. मला ते कधीच आवडलं नाही. माणूस विमानतळावरच्या हवामान कार्यालयात अधिकारी, उभा जन्म वारा आणि ढग ओळखण्यात गेला, आणि ही मंडळी त्यांना लिफ्टमध्ये गाठून विचारणार, "अंकल, इतवार को शादी है, टेंट खुले में लगवा दें?" विनायकराव मात्र चिडत नाहीत. चष्मा सारखा करतात आणि जे असेल ते तोंडावर सांगतात. एका वर्षी त्यांनी आमच्या गणपती मंडळाला बजावलं होतं की विसर्जनाची मिरवणूक सकाळी काढा, दुपारी पाऊस गाठेल. मंडळाचे लोक रुसले. मिरवणूक दुपारीच निघाली आणि ढोलताशांसकट चिंब भिजून परत आली. विनायकराव त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर वर्षभर ऐकवलं असतं.

मी कांता. त्यांच्या समोरच्या दारात राहते, मंत्रालयातून निवृत्त झाले आहे, आणि आमचे हे गेल्यापासून मला दुसऱ्यांच्या घरात डोकावायला भरपूर वेळ आहे. विनायकराव मला वहिनी म्हणतात.

विमानं आमच्या डोक्यावरूनच जातात. कधी उतरणारी, कधी चढणारी. इथे राहायला आले तेव्हा मला वाटायचं की ही वैमानिकाची मर्जी असणार. विनायकरावांनी एकदा गच्चीवर उभं करून मला समजावलं. "पोरं पतंग चढवताना वाऱ्याकडे तोंड करून पळतात ना, वहिनी? तसंच. समोरून वारा आला की पंखांना तो आयता मिळतो. विमान थोडं धावून उठतं, आणि उतरताना कमी वेगात टेकतं. पाठीमागून आला तर धावपट्टी संपत येते तरी थांबत नाही. म्हणून वारा पश्चिमेचा असला की विमानं आपल्यावरून चढून जातात आणि पूर्वेचा असला की आपल्यावरून उतरतात."

"आणि आडवा आला तर?"

"तर नाक वाऱ्याकडे वळवून तिरकं यायचं आणि टेकायच्या क्षणी सरळ करायचं. कठीण असतं, पण जमतं. सगळ्यात वाईट म्हणजे ऐन उतरताना दिशा बदलणारा वारा. समोरचा वारा एकदम पाठीमागे गेला की विमानाचा आधारच काढून घेतल्यासारखं होतं." हे त्यांनी भाजीचा भाव सांगावा इतक्या सपाट आवाजात सांगितलं.

तर असा हा बाहेर रोखठोक माणूस. घरात मात्र अगदी लोणी. त्यांची बायको प्रमोदिनी गेली तेव्हा मुलगी अपूर्वा नववीत होती. त्यानंतर ती पोर अर्धी त्यांच्या घरात वाढली आणि अर्धी माझ्या. तिच्या वेण्या मी घातल्या, तिच्या शाळेतल्या भांडणांत मी पदर खोचून गेले. विनायकराव काय करायचे? ती रडत आली की डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "काही होत नाही, सगळं ठीक होईल." गणितात नापास झाली तरी हेच आणि दात दुखला तरी हेच. मी म्हणायचे, अहो, दाताच्या डॉक्टरकडे न्या तिला. तर म्हणायचे, नेतो ना, पण आधी धीर तर देऊ.

तीच अपूर्वा वैमानिक झाली. प्रवासी विमानात कॅप्टनच्या शेजारी बसते. ती पहिल्यांदा गणवेश घालून माझ्या दारात उभी राहिली तेव्हा मला प्रमोदिनीची इतकी आठवण आली की मी तिला धड आशीर्वादसुद्धा देऊ शकले नाही. विनायकरावांनी मात्र त्याच दिवशी एक नियम करून टाकला. कुठलं विमान घेऊन आपण दिल्लीला कधी येतोय, ते तिने त्यांना सांगायचं नाही. "मला कळलं तर माझा हात हलेल," ते म्हणाले. "तू येणार म्हणून मी उगाच इशारा देईन, नाहीतर तुझा खोळंबा नको म्हणून द्यायचा तो देणार नाही." मला तो नियम फार आवडला होता. तिचं येणं-जाणं ती मला सांगायची, कारण आल्यावर तिला गरम जेवण लागायचं. मी कधी त्यांच्याजवळ तोंड उघडलं नाही, आणि माझ्यासारखीला ते सोपं नव्हतं.

मार्चमध्ये तिच्या हातून एक वाईट उतरणं झालं. आडवा, झोडपणारा वारा होता. विमान तिच्या हातात होतं आणि ते जोरात आपटलं. कॅप्टनने वेळेवर ताबा घेतला म्हणून निभावलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण कंपनीने तिला पुन्हा प्रशिक्षणाला बसवलं. त्यात ती पास झाली आणि परत कामावर गेली. मात्र पुन्हा असं काही झालं तर विमान उडवणं कायमचं बंद होऊ शकतं, हे तिला स्पष्ट सांगितलं गेलं होतं. ती माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून म्हणाली, "काकू, यार, वारा दिसत नाही ना. दिसला असता तर मी त्याच्याशी भांडले असते." हसत म्हणाली खरी. पण पोर घाबरली होती. रात्री झोपत नव्हती. जेवायला बसली तरी मोबाइलवर वाऱ्याचे आकडे बघत असायची.

मग मे महिना आला. त्या दिवशी मी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. दिल्लीच्या उन्हात दोन दिवसांत कडकडीत वाळतात, आणि वर्षभर पुरतील इतक्या घातल्याशिवाय मला चैन पडत नाही. विनायकराव सकाळी ड्यूटीवर निघाले होते. मला परात घेऊन वर जाताना बघून जिन्यातच थांबले. "वहिनी, आज चारच्या आत उचला बरं का. आंधीचा, धुळीच्या वादळाचा रंग आहे. पूर्वेचा दमट वारा सुटलाय, वर पश्चिमेला ढग जमतायत. नेमकं सांगता येत नाही, पण येऊ शकते."

मी बरं म्हटलं. त्यांच्या शब्दावर मी डोळे मिटून कुरडया उचलते, आजवर कधी पस्तावले नाही. मला हेही माहीत होतं की अपूर्वा रायपूरहून संध्याकाळच्या आत परत येणार आहे. पण नियम तो नियम. मी गप्प बसले.

दुपारी विमानं आमच्या डोक्यावरून उतरत होती, म्हणजे वारा अजून पूर्वेचाच होता. मी गच्चीवरच्या कुरडया गोळा करून डब्यात भरल्या होत्या. हवा अशी कोंदली होती की अंगावरचा घामसुद्धा वाळेना. बघता बघता पश्चिमेचं आकाश मातकट झालं. आंधी दिल्लीला नवी नाही, पण त्या दिवशीची भिंत फार उंच होती. एक विमान खाली येत होतं. ते आमच्यावरून पुढे गेलं आणि मागोमाग पहिला झोत आला. त्याने माझ्या हातातली रिकामी परात हिसकावून टाकीवर आपटली. त्या विमानाचे पंख मी डोलताना पाहिले आणि मग धुळीत काही दिसेना. ते अपूर्वाचं होतं की तिच्या पुढचं, मला आजही माहीत नाही. मी दाराची कडी धरून उभी राहिले आणि येईल त्या देवाचं नाव घेतलं.

अंधार पडायच्या सुमारास तिचा फोन आला. "काकू, जयपूरला आहे. ठीक आहे मी." एवढंच बोलली.

बाकीचं मला नंतर कळलं. त्यांचं विमान जमिनीजवळ आलं आणि समोरचा वारा एकदम पाठीमागून आला. कॅप्टन सभरवाल म्हणून कुणी मुरलेले गृहस्थ होते, त्यांनी पूर्ण जोर देऊन विमान परत वर काढलं. मग आकाशात घिरट्या. वारा फिरला म्हणून धावपट्टीची दिशा उलटी करायची, तर आंधी हटेना. दिल्लीची कितीतरी विमानं जयपूरकडे वळलेली, तिथेही रांग. आणि यांच्याकडे जादाचं इंधन नव्हतं. उतरल्यावर टाकीत जेवढं उरायलाच हवं, त्याहून कमी उरणार हे दिसल्यावर कॅप्टननी आणीबाणी जाहीर केली आणि जयपूरला सगळ्यांच्या आधी विमान उतरवलं. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. त्यांना काय माहीत, आपण कशासाठी टाळ्या वाजवतोय.

चौकशी बसली. इंधन कमी का घेतलं, हा मुद्दा होता. दिल्लीच्या पूर्वानुमानात आंधीची शक्यता लिहिलेली असताना कॅप्टननी जादा इंधन घेतलं नाही. कॅप्टनचं उडणं थांबवलं, अपूर्वाला घरी बसवलं. सभरवालांनी लिहून दिलं की निर्णय त्यांचा एकट्याचा होता.

तीन-चार दिवसांनी मी त्यांच्याकडे खिचडी घेऊन गेले आणि सोबत तळलेल्या कुरडया. पोर काही खात नव्हती. विनायकराव तिला समजावत होते, "अगं, तुझी यात काय चूक? इंधन किती घ्यायचं ते कॅप्टन ठरवतो. होईल सगळं नीट." ती नुसती मान हलवत होती. मी तिच्या ताटात कुरडई वाढली. ती उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "काकू, हे त्या दिवशीचेच ना, सेवईवाले पापड? आंधीत उडाले नाहीत?"

कुरडई हा शब्द तिला आजतागायत येत नाही. मी म्हटलं, "कशाने उडतील? बाबांनी सकाळीच सांगितलं होतं, चारच्या आत उचला, आंधी येईल म्हणून."

बोलून गेले आणि बघते तर विनायकरावांचा घास हातातच. अपूर्वा माझ्याकडे बघत होती, मग त्यांच्याकडे.

"सकाळी?" तिने विचारलं. "बाबा, काकूंना तुम्ही सकाळी सांगितलंत?"

"शक्यता होती," ते म्हणाले. "शक्यताच सांगितली."

"आणि मला?"

 मला काही उमगेना. मी म्हटलं, "तुला कसं सांगतील? तुमचा नियम नाही का?"

"मी मोडला, काकू. मी रायपूरहून फोन केला होता बाबांना. विचारलं, आज मी येतेय, हवा कशी आहे? बाबा म्हणाले, काही नाही गं, संध्याकाळपर्यंत शांत आहे, बिनधास्त ये." तिने ताट सरकवलं. "सभरवाल सर जादा इंधन घ्या म्हणत होते. इतक्या उन्हात विमान आधीच जड जातं, इंधन वाढवलं तर सामान उतरवावं लागलं असतं, उशीर झाला असता. ते विचारच करत होते, आणि मी म्हटलं, सर, माझे फादर दिल्लीला तिथेच ड्यूटीवर बसलेत, आत्ताच बोलले, शाम तक कुछ नहीं है. सर हसले. म्हणाले, फिर तो घर की बात है."

"पण कागदात लिहिलं होतं ना?" मी विचारलं. "आंधीचं?"

"होतं. बाबांनीच लिहिलेलं. ते वाचूनच तर मी फोन केला. मला हवं होतं की कुणीतरी म्हणावं, तसं नाही होणार."

मी विनायकरावांकडे पाहिलं.  जगातल्या सगळ्या विमानांना या माणसाने खरं लिहून दिलं, शेजारणीच्या कुरडया वाचवल्या आणि पोटच्या पोरीला खोटं सांगितलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. आणि ही तरी काय, शिकलीसवरलेली, हातात कागद असताना बापाला फोन लावते. दोघांनाही धरून गदागदा हलवावंसं वाटलं मला. विमानात केवढी माणसं होती, लेकुरवाळ्या बायका असतील त्यात.

"तुझा आवाज कापत होता," विनायकराव अखेर म्हणाले. "मार्चपासून ऐकतोय मी तो आवाज. मला वाटलं, घाबरलेल्या हाताने उतरवशील तर ते जास्त वाईट. इंधनाचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी... मी तुझ्याशी वाऱ्याबद्दल बोलतच नव्हतो गं."

"मग कशाबद्दल बोलत होतात?"

"तू घाबरू नकोस, एवढंच."

अपूर्वा उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली. "आईच्या वेळीही असंच. तुम्ही म्हणालात, तुझी परीक्षा संपली की आई घरी येईल. तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाबा. तुम्हाला माहीत होतं. मी हॉस्पिटलमध्ये बसले असते तिच्याजवळ. मी शाळेत भूगोलाचा पेपर लिहीत होते, यार."

मला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं समोरच्या दारात राहून ठाऊक नव्हतं. मी ताटं उचलली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी विनायकराव इस्त्रीचा शर्ट घालून कार्यालयात गेले आणि आपल्या वरिष्ठांसमोर सगळं सांगून आले. तो फोन कुठेही नोंदलेला नव्हता. बोलले नसते तर कुणाला कळलंही नसतं. निवृत्तीला काही महिने उरले होते. वरिष्ठ म्हणाले म्हणे, "मायदेवजी, आप घर पर क्या बोलते हैं, वो क्यों बता रहे हैं?" विनायकरावांनी सांगितलं की तिकडे एक कॅप्टन एकटा सगळं अंगावर घेतोय. त्यांना पूर्वानुमानाच्या कामावरून काढून आतल्या एका खोलीत बसवलं. अपूर्वानेही कंपनीला सगळं कळवलं. ते दोघांनी आपापलं केलं, एकमेकांशी न बोलता. त्या घरात नंतरचे पंधरा दिवस फक्त 'दूध आलं का' आणि 'दार लावून घे' एवढंच बोलणं ऐकू येत होतं. मी जेवणाच्या दोन्ही वेळी जात होते, कारण मी गेले नाही तर दोघं वेगवेगळ्या वेळी जेवायची.

माझा राग कधीतरी ओसरला. विनायकराव सकाळी गॅलरीत उभे राहून विमानं कुठल्या बाजूने येतात ते बघायचे, सवयीने. मग कुणी बघत नाही ना म्हणून मागे वळून पाहायचे आणि आत जायचे. लिफ्टमध्ये कुणी हवेचं विचारलं तर म्हणायचे, मोबाइलवर बघा.  वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं.

आणि मग एका संध्याकाळी मी तिथे असतानाच अपूर्वाला कंपनीचा फोन आला. ती खिडकीशी उभी राहून 'येस सर, ओके सर' म्हणत होती. फोन ठेवला आणि तिथेच पलंगाच्या कडेवर बसली. चौकशीचा पहिला निष्कर्ष आला होता. सभरवालांना ताकीद देऊन परत घेणार होते. तिचं उडणं अनिश्चित काळासाठी बंद, आणि मार्चचं ते आपटणंही आता नव्याने उकरलं जाणार होतं. "बहुतेक संपलं, काकू," ती म्हणाली. तिचा चेहरा नववीतल्या पोरीसारखा दिसत होता.

विनायकराव चहाचे कप घेऊन आत येत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी कप टेबलावर ठेवले, तिच्याजवळ गेले, हात तिच्या डोक्याकडे नेला आणि तोंड उघडलं. काय म्हणणार होते ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

"तुम्ही नका म्हणू, बाबा," अपूर्वा म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसती विनवणी होती. "प्लीज. दुसरं कुणीही म्हटलं तर चालेल."

त्यांचा हात तसाच अधांतरी राहिला.  मला राहवलं नाही. मी उठले, तिच्याशेजारी बसले आणि म्हटलं, "होईल गं सगळं ठीक." मला काय माहीत, काय होणार ते? विमानातलं कळत नाही, वाऱ्यातलं कळत नाही, कंपनीतल्या साहेबांची तर तोंडंही पाहिलेली नाहीत. पण तिने माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि इतक्या दिवसांचं सगळं रडून घेतलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि तेच तेच म्हणत राहिले.

विनायकराव समोरच्या खुर्चीवर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, एखाद्याच्या घरी पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यासारखे, ते आमच्याकडे बघत होते.